अर्धवट प्रकरण कुणाला दाखवायचं? शिक्षणशास्त्रातल्या नव्या संशोधकांचा गट कसा उभा करावा

शिक्षणशास्त्रात पीएच.डी.ला नोंदणी झाली की अभिनंदनाचे फोन येतात, स्टेटसवर पुष्पगुच्छ झळकतात आणि मग बराच काळ काहीच घडत नाही. रसायनशास्त्राच्या संशोधकाला निदान प्रयोगशाळा असते. शेजारच्या टेबलावर कुणीतरी असतंच, त्याला विचारता येतं. आपल्याकडे बहुतेक जण जिल्हा परिषदेचे शिक्षक, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, नाहीतर बी.एड. कॉलेजात सकाळपासून संध्याकाळपर्यंत अडकलेले. शाळा अक्कलकुव्यात, विद्यापीठ जळगावात आणि गाईड तिसऱ्याच गावी. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ संशोधक असू शकतात. गाईडच्या तासिका, नॅकची (कॉलेजच्या मूल्यांकनाची) कामं, पेपर तपासणी हे सगळं धरलं, तर तुमचं प्रकरण वाचायला त्यांना दोन महिने लागले याचा राग धरण्यात अर्थ नाही.

पण ते दोन महिने तुम्ही काय करायचं? त्यासाठी हा लेख. नुकती नोंदणी झालेल्या, कोर्सवर्क (पीएच.डी.च्या सुरुवातीचा अभ्यासक्रम) चालू असलेल्या किंवा पदवी मिळून एक-दोन वर्षं झालेल्या मंडळींनी आपापसात गट कसा बांधावा, कुठे फसगत होते आणि काय काय हाताशी ठेवावं, ते क्रमाने सांगतो.

१. गट कशासाठी, ते एका वाक्यात लिहा

माझं वाक्य असं आहे: एकमेकांचं अपुरं लिखाण ठरलेल्या तारखेला वाचायचं. बस्स.

तुमच्याकडे आधीच एखादा 'पीएच.डी. संशोधक मंच' असेल. त्यात शेकड्यांनी सदस्य असतील, शुभ सकाळ असेल, जाहिरातीची पीडीएफ असेल, 'कुणाकडे सेटचा निकाल आहे का' असेल. तो राहू द्या, बातम्या कळायला बरा असतो. पण त्या मंचावर कुणी आपलं दुसरं प्रकरण टाकून 'यात काय चुकलंय?' असं विचारल्याचं मी पाहिलेलं नाही. तिथे ते शक्यही नाही, कारण तिथे कुणाचा गाईड आहे आणि उद्या मुलाखतीच्या टेबलापलीकडे कोण बसणार आहे, ते माहीत नसतं.

प्रेरणा, व्यक्तिमत्त्व विकास, पाहुण्यांची व्याख्यानं यांच्यासाठी वेगळे कार्यक्रम असतात. ते या गटात घुसले की पहिला बळी वाचनाचा जातो.

२. माणसं शोधा: पाच ते सात, जास्त नकोत

सातांपेक्षा जास्त माणसं झाली की प्रत्येकाची पाळी इतक्या उशिरा येते की उत्साह मावळतो. चारांपेक्षा कमी असतील, तर एकाच्या घरी लग्न आणि दुसऱ्याला निवडणुकीची ड्युटी आली की बैठक बुडते.

शोधायचं कुठे?

- कोर्सवर्कची बॅच. सगळ्यात सोपी जागा. पण कोर्सवर्क संपायच्या आत बोला, नंतर पांगापांग होते.
- दुसऱ्याची व्हायवा (प्रबंधावरची तोंडी परीक्षा) आणि प्री-सबमिशन सादरीकरण, म्हणजे प्रबंध देण्याआधीचं. व्हायवा ही बंद दाराआडची गोष्ट नाही, इतर संशोधकांना तिथे बसता येतं. विभागाच्या सूचनाफलकावर तारीख लागते. जाऊन मागच्या रांगेत बसा. नीट प्रश्न विचारणारा माणूस तिथे लगेच ओळखू येतो.
- आयसीएसएसआरच्या (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या) दहा दिवसांच्या संशोधनपद्धती कार्यशाळा. या परिषदेचं पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात, जे. पी. नाईक भवनात आहे. कार्यशाळेत काय शिकवलं याहून जेवणाच्या सुट्टीत कोण भेटलं, ते जास्त उपयोगी पडतं.
- तुम्ही शिक्षक असाल तर केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या समूहाची, शिक्षण परिषद. तालुक्यात आणखी दोघे-तिघे तरी 'गुपचूप' पीएच.डी. करत असतात.

मिश्रण महत्त्वाचं. सगळे एकाच गाईडचे असतील तर गट म्हणजे त्या सरांच्या केबिनची शाखा होते आणि मोकळं कुणी बोलत नाही. एखादा संख्यात्मक काम करणारा, एखादी मुलाखती आणि निरीक्षणांवर काम करणारी, एक जण दुसऱ्या विद्यापीठाचा आणि शक्य असेल तर नुकतीच पदवी मिळालेली एक व्यक्ती, असा मेळ जमवा. समाजशास्त्र किंवा मानसशास्त्राचा एखादा संशोधक मिळाला तर सोडू नका. आपल्याकडे 'अभिरुची', 'समायोजन', 'अभिवृत्ती' हे शब्द आपण इतक्या सवयीने वापरतो की 'म्हणजे नेमकं काय मोजलंत?' हे विचारायला बाहेरचंच माणूस लागतं.

एक गोष्ट स्पष्ट बोलून घ्या: गटात कुणी कुणाचं 'सर' किंवा 'मॅडम' नाही. पंधरा वर्षं नोकरी झालेला मुख्याध्यापक आणि जेआरएफ (कनिष्ठ अधिछात्रवृत्ती) मिळवलेली तेवीस वर्षांची मुलगी एका गटात असतील, तर पहिल्या तीन बैठका तो बोलतो आणि ती ऐकते. हे आपोआप सुटत नाही. बोलण्याची सुरुवात दर वेळी सगळ्यात नव्या सदस्याने करायची, एवढा एक नियम ठेवला तरी बराच फरक पडतो.

३. पहिली बैठक: कागद काढून बसा

पहिल्या बैठकीत ओळख, चहा आणि स्वप्नं यात वेळ जातो. तो जाऊ द्या, पण निम्मा वेळ कागदांसाठी राखा. प्रत्येकाने हे घेऊन यायचं:

- नोंदणीचं पत्र, त्यावर नोंदणीची तारीख आणि कोणत्या नियमावलीखाली नोंदणी झाली, तो उल्लेख
- कोर्सवर्कची गुणपत्रिका किंवा वेळापत्रक
- मान्य झालेला किंवा सादर केलेला संशोधन आराखडा
- संशोधन सल्लागार समितीपुढे झालेल्या सादरीकरणाचे शेरे
- नोकरीत असाल तर कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र
- अधिछात्रवृत्ती असेल तर मंजुरीपत्र आणि प्रगती अहवालाच्या तारखा
- एक पान, फक्त एक: मी काय शोधतोय, कुणाकडून शोधतोय, कुठे अडलोय

आता तारखा मांडा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीप्रमाणे पीएच.डी.चा कालावधी कोर्सवर्क धरून किमान ३ आणि कमाल ६ वर्षं. पुनर्नोंदणी करून आणखी २ वर्षं मिळू शकतात. स्त्रिया आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेले संशोधक यांना त्याहून आणखी २ वर्षं, म्हणजे एकूण १० वर्षांपर्यंत. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी संपूर्ण कालावधीत मिळून २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. दर सत्राला सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. नोंदणी जुनी असेल तर २०१६ ची नियमावली लागू असू शकते. त्यामुळे ऐकीव माहितीवर न जाता पत्रावर काय लिहिलंय ते बघा.

अर्धवेळ पीएच.डी. आता नियमात बसते, पण त्यासाठी नियुक्ती अधिकाऱ्याचं ना-हरकत पत्र लागतं आणि त्यात तीन गोष्टी असाव्या लागतात: अर्धवेळ अभ्यासाला परवानगी आहे, कामाच्या स्वरूपामुळे संशोधनाला वेळ देता येईल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळीक मिळेल. नुसतं 'हरकत नाही' एवढ्या एका ओळीचं पत्र घेऊन गेलेल्यांना परत यावं लागतं. गटात कुणाकडे मान्य झालेलं पत्र असेल, तर नाव-गाव झाकून त्याचा नमुना सगळ्यांना द्या.

सगळ्यांच्या तारखा एका शीटवर आल्या की पुढच्या सहा महिन्यांत कुणाचं लिखाण कधी वाचायचं, ते आपसूक ठरतं. ज्याची सल्लागार समिती जवळ, त्याची पाळी आधी.

४. वाचनाची बैठक: गटाचा जीव इथे आहे

दर पंधरा दिवसांनी, दीड तास, एकाच व्यक्तीचं लिखाण. प्रत्यक्ष जमत नसेल तर ऑनलाइन. रविवारची सकाळ सोयीची वाटते, पण घरात स्वयंपाक कुणाला करायचा असतो ते आधी विचारा. आमच्याकडे रात्री साडेआठची वेळ बायकांनीच सुचवली आणि तीच टिकली.

लिखाण आठ ते दहा पानं, बैठकीच्या एक आठवडा आधी. संपूर्ण प्रकरण पाठवू नका, कुणीही साठ पानं वाचत नाही. वाचलं म्हणतात. सोबत लिहिणाऱ्याने तीन प्रश्न द्यायचे. 'कसं वाटलं?' हा प्रश्न बाद. 'नमुना निवडीचं कारण पटतं का?' हा चालतो. 'पान चारवरची व्याख्या आणि पान सातवरची प्रश्नावली जुळते का?' हा उत्तम.

बैठकीत पहिली वीस मिनिटं लिहिणाऱ्याने गप्प बसायचं. हे फार जड जातं, कारण आपल्याला लगेच 'नाही, मला तसं म्हणायचं नव्हतं' असं सांगायचं असतं. पण परीक्षकाच्या हातात प्रबंध असताना तुम्ही तिथे खुलासा करायला नसणार. कागदावर जे आहे, तेवढंच त्यांना दिसणार. वीस मिनिटं इतरांनी आपापसात बोलायचं, मग लिहिणाऱ्याने उत्तरं द्यायची, शेवटी त्याने पुढच्या दोन आठवड्यांत काय बदलणार ते लिहून टाकायचं.

काय वाचायचं, हा खरा प्रश्न आहे. शुद्धलेखनात अडकू नका. आपल्या विषयात एक साचा पक्का बसलेला आहे, तो मोडायला गट सगळ्यात कामाचा. शोधगंगेवर (भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) जाऊन शिक्षणशास्त्राचे मराठी प्रबंध चाळा. 'अमुक कौशल्यासाठी कार्यक्रमाचे विकसन व परिणामकारकतेचा अभ्यास' या धर्तीची शीर्षकं भराभर सापडतील. संशोधकाने कार्यक्रम तयार केला, एका तुकडीला दिला, दुसरीला दिला नाही. पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, टी-मूल्य (दोन सरासरींतला फरक योगायोगाचा आहे का, ते तपासणारा आकडा), शून्य परिकल्पनेचा ('फरक नाही' या गृहीतकाचा) त्याग, कार्यक्रम परिणामकारक. अशा आराखड्यात काही गैर नाही, पण पुढचे प्रश्न क्वचितच विचारलेले दिसतात. म्हणून ते गटाने विचारायचे:

प्रायोगिक गटाला पंधरा तासिका जास्त मिळाल्या आणि नियंत्रित गटाला काहीच नाही, तर फरक कार्यक्रमाचा की जादा वेळेचा? शिकवलं कुणी? संशोधकाने स्वतः शिकवलं आणि उत्तरपत्रिकाही त्यानेच तपासल्या का? तपासताना कोणती उत्तरपत्रिका कोणत्या गटाची, हे त्याला माहीत होतं का? उत्तरचाचणीतले प्रश्न कार्यक्रमातच सोडवून घेतले होते का? तुकडी 'अ' आणि तुकडी 'ब' घेतल्या, पण त्या शाळेत 'अ' तुकडी गुणांवर भरतात का? आणि सगळ्यात अवघड प्रश्न: ८० विद्यार्थी म्हणता, पण खरं तर तुम्ही दोन वर्ग तुलनेला घेतलेत. एका वर्गाची बाई महिनाभर रजेवर असेल, तर त्या ८० पैकी ४० जणांचे गुण एकदमच हलतील. टी-मूल्याला ते कळत नाही.

तयार प्रमाणित चाचणी वापरणाऱ्यांना एक प्रश्न हटकून विचारा: ती कोणत्या मुलांवर प्रमाणित झाली? हिंदी पट्ट्यातल्या शहरी विद्यार्थ्यांवर बेतलेली मानकं मेळघाटातल्या आश्रमशाळेला लावायची, तर आधी कारण द्यावं लागेल. चाचणीचा मराठी अनुवाद केला असेल तर गटातल्या एकाने मूळ न बघता तो परत इंग्रजीत आणायचा आणि दोन्ही इंग्रजी पानं शेजारी ठेवायची. कुठे अर्थ घसरला ते तासाभरात दिसतं. पदरचे पैसे न घालता होणारं काम आहे हे.

मुलाखतींवर काम करणाऱ्यांसाठी वेगळी रीत. एकाच मुलाखतीची तीन पानं दोघांनी स्वतंत्रपणे वाचून आशयसूत्रं (बोलण्यातले मुख्य मुद्दे) काढायची, मग ताडून बघायची. सगळी जुळली नाहीत तर घाबरू नका. कुठे आणि का वेगळी निघाली, ती चर्चा लिहून ठेवा, ती पद्धतीच्या प्रकरणात कामाला येते. आणि अहिराणी, वऱ्हाडी किंवा कोरकूमिश्रित बोलणं लिहून काढताना ते 'नीट' करू नका. पालक जसं बोलले तसंच आधी उतरवा, प्रमाण मराठी नंतर.

५. शाळेत जाण्याआधीची तयारी एकत्र करा

नवा संशोधक इथे सगळ्यात जास्त वेळ गमावतो आणि गटामुळे तो वाचतो.

आधी शाळेचं वर्ष समोर ठेवा. जूनच्या मध्यात शाळा उघडतात, विदर्भात उन्हामुळे काहीशा उशिरा. पहिले काही आठवडे प्रवेश, पुस्तकं, गणवेश. दिवाळीआधी सत्र परीक्षा. डिसेंबर-जानेवारीत क्रीडा स्पर्धा आणि स्नेहसंमेलन. फेब्रुवारीपासून शिष्यवृत्ती आणि बोर्डाच्या परीक्षा, एप्रिलमध्ये वार्षिक. वर्गात बसून निरीक्षण करायला खरे मोकळे महिने म्हणजे जुलैचा उत्तरार्ध ते सप्टेंबर आणि दिवाळीनंतरचा थोडा काळ. त्यातही गणपती, निवडणुका आणि सर्वेक्षणं आहेतच. सल्लागार समितीने जानेवारीत आराखडा मान्य केला म्हणून मार्चमध्ये शाळेत गेलात, तर मुख्याध्यापक चहा पाजतील आणि जूनमध्ये या म्हणतील.

परवानगीची साखळी जिल्हा परिषद शाळांसाठी साधारण अशी: जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक), मग गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक. शाळा व्यवस्थापन समितीलाही सांगा. कागदावर ते लागो न लागो, गावात कुणी 'हे कोण येऊन मुलांना प्रश्न विचारतंय?' म्हटलं तर समितीच पाठीशी उभी राहते. अर्जासोबत विद्यापीठाचं पत्र, आराखड्याचा एक पानी मराठी सारांश, प्रश्नावलीची प्रत आणि शाळांची यादी त्यांच्या यू-डायस क्रमांकासह (शाळेच्या सरकारी नोंदीतल्या क्रमांकासह) द्या. क्रमांक असला की लिपिकाला शाळा शोधावी लागत नाही आणि फाईल पुढे सरकते. पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय कार्यालयाच्या बाहेर पडू नका.

मग संमती. विद्यार्थी अठराच्या खालचे, म्हणून पालकांची लेखी संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही हवं. संमतीपत्र मराठीत, एका पानाच्या आत, आणि 'तुम्ही कधीही नाही म्हणू शकता, गुणांवर परिणाम होणार नाही' हे वाक्य वर, तळाला नव्हे. गटात ते पत्र संशोधक नसलेल्या एखाद्याला वाचायला द्या. आई, शेजारी, रिक्षावाले काका, कुणीही. त्यांना कळलं नाही तर पुन्हा लिहा.

तुम्ही स्वतःच्याच शाळेत अभ्यास करणार असाल तर एक अडचण आहे. वर्गशिक्षकाला मूल किंवा पालक 'नाही' म्हणत नाहीत. अशा वेळी संमती घ्यायला गटातला दुसरा सदस्य पाठवा. तुम्ही त्याच्या शाळेत जा, तो तुमच्या शाळेत येईल.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवलेली असावी. मुलांशी बोलताना अत्याचाराची गोष्ट पुढे आली तर? २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार, ज्याला अशा गुन्ह्याची माहिती मिळते त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'मी गोपनीयतेचं वचन दिलं होतं' ही सबब चालत नाही. म्हणून मुलांना संपूर्ण गोपनीयतेचं वचन देऊच नका. संमतीपत्रातच लिहा: कुणाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर मला सांगावं लागेल. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८ वहीच्या पहिल्या पानावर असू द्या.

६. हाताशी ठेवायची साधनं

पैसे खर्च करायची घाई नको.

- झोटेरो: संदर्भ साठवायला, मोफत. गटाची सामाईक संदर्भयादी त्यात करता येते.
- गूगल डॉक्स किंवा तत्सम: शेरे मारायला.
- जामोवी किंवा जास्प: संख्याशास्त्रासाठी, दोन्ही मोफत. महागड्या पॅकेजची चोरटी प्रत घेण्याची गरज उरत नाही.
- टॅगेट: मुलाखतींची आशयसूत्रं लावायला, मोफत.
- युनिकोड मराठी टंकलेखन. हे आधी शिका. टायपिंग सेंटरने जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं प्रकरण दुसऱ्याच्या संगणकावर उघडलं की नुसती चिन्हं दिसतात, आणि मग शेरे मारणं दूरच.
- शोधगंगा: आधीचे प्रबंध. तुमच्या विषयावरचे निदान पाच तरी पद्धतीच्या प्रकरणापर्यंत वाचा.
- यू-डायस प्लसची आकडेवारी आणि 'असर'चे (ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताच्या सर्वेक्षणाचे) अहवाल: प्रस्तावनेत 'ग्रामीण भागात गुणवत्ता ढासळत आहे' असं हवेत लिहू नये म्हणून.

नियतकालिकांसाठी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' जानेवारी २०२५ पासून सुरू झालं आहे. केंद्र आणि राज्य सरकारी उच्च शिक्षण संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं त्यातून मिळतात. तुमचं संशोधन केंद्र खासगी कॉलेजात असेल तर ग्रंथपालांना विचारा, विद्यापीठाच्या ग्रंथालयातून वाचता येतं का ते बघा. दुसऱ्याचा पासवर्ड मागू नका. लेखकाला दोन ओळींचा मेल टाकला तर बहुतेक जण पीडीएफ पाठवतात, उलट खूश होतात.

७. छापण्याची घाई आणि तिचे दलाल

२०२२ च्या नियमावलीने प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे, ही आधीची सक्ती काढली. तुमच्या विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते, परिपत्रक बघा. २०१९ पासून चालत आलेली यूजीसी-केअर ही मान्य नियतकालिकांची यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली आणि नियतकालिक निवडण्याची जबाबदारी संस्थांवर आणि संशोधकांवर आली. दलालांना रान मोकळं मिळालं आहे.

फसवं नियतकालिक ओळखायच्या खुणा गटाने एकदा बसून पाठ करा. तीन दिवसांत स्वीकृती. फी आधी, वाचन नंतर. एकाच अंकात सोयाबीनची लागवड, तुकारामांचे अभंग आणि ई-लर्निंग. 'इम्पॅक्ट फॅक्टर' कुठल्याशा अनोळखी संस्थेचा. संपादक मंडळातल्या प्राध्यापकांना आपण त्यात आहोत हेच माहीत नाही (त्यांना मेल करून विचारा, उत्तर येतं). काही वेळा चांगल्या नियतकालिकाच्या नावाने बनावट संकेतस्थळ असतं, म्हणून पत्ता आयएसएसएनच्या (नियतकालिकाच्या ओळख क्रमांकाच्या) अधिकृत नोंदीशी ताडा.

एकदिवसीय 'आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय परिषदा' हा वेगळाच व्यवहार आहे. नोंदणी शुल्कात प्रमाणपत्र, जेवण आणि विशेषांकात लेख. चर्चा नाही, प्रश्न नाहीत. तिथे गेलंच पाहिजे असं कुणी दडपण आणलं तर जा, पण आपलं चांगलं काम तिथे खर्चू नका. एकदा छापलं की तेच दुसऱ्या नियतकालिकाला देता येत नाही.

गटाने एक नियम ठेवावा: कुठेही पाठवण्याआधी नियतकालिकाचे मागचे दोन अंक सगळ्यांनी चाळायचे. त्यातला एकही लेख आपल्याला संदर्भ म्हणून घ्यावासा वाटला नाही, तर तिथे आपलाही लेख द्यायचा नाही.

८. गटातले चार करार, लेखी

एक, गटात आलेलं लिखाण बाहेर जाणार नाही. दुसऱ्याचं प्रकरण आपल्या गाईडना 'सहज' दाखवायचं नाही.

दोन, शेरे दिले म्हणून सहलेखक होत नाही, आभारात नाव येतं. सोबत माहिती गोळा केली, विश्लेषण केलं, लिहिलं, तर सहलेखक, आणि नावांचा क्रम काम सुरू होण्याआधी ठरवायचा. गटातल्या सगळ्यांची नावं एकमेकांच्या लेखांवर घालून 'एपीआय (निवड-बढतीला लागणारे गुण) वाढवू' असं कुणीतरी सुचवेल. स्पष्ट नाही म्हणा.

तीन, उसनवारी. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यापुढे १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० च्या वर अशा पायऱ्या आहेत आणि शेवटच्या पायरीवर नोंदणी रद्द होते. 'साम्य कमी करून देतो' म्हणणारे शब्द बदलून देतात, विचार उसनाच राहतो, आणि मराठी असं होतं की व्हायवात पहिलं वाक्य वाचायला सांगितलं तरी घाम फुटावा.

चार, मुलांची आणि शिक्षकांची माहिती. नावं काढल्याशिवाय मुलाखत गटात पाठवायची नाही आणि कुठल्याही ऑनलाइन एआय साधनात टाकायची नाही. छोट्या गावात 'एका वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेतल्या बाई' एवढं लिहिलं तरी कोण ते सगळ्यांना कळतं. तेव्हा नाव काढणं पुरत नाही, खुणाही पुसाव्या लागतात.

९. गाईडना सांगायचं का?

हो, आणि लवकर. 'सर, आम्ही काही जण एकमेकांचं वाचतो, लिखाण तुमच्याकडे आणण्याआधी कच्च्या चुका निघतात' असं सांगितलं तर बहुतेकांना बरंच वाटतं, कारण त्यांचं काम हलकं होतं. गटाचा सल्ला आणि गाईडचा सल्ला यांत फरक पडला तर गाईडसमोर 'आमच्या गटात असं म्हणतात' हे वाक्य वापरू नका. तो तुमचा प्रश्न म्हणून विचारा.

काहींना आवडत नाही. तिथे भांडू नका. वाचक म्हणून मित्राकडून लिखाण तपासून घेण्याला कुठल्याच नियमाची आडकाठी नाही.

१०. पैसे आणि मन

बार्टी, सारथी, महाज्योती आणि टीआरटीआय या राज्यातल्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या सामाजिक प्रवर्गानुसार आहेत. यूजीसीची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार आणि वरिष्ठ ४२ हजार झाली. जाहिराती आणि मुदती यांच्यावर लक्ष ठेवायचं काम गटात एकाकडेच द्या. सगळ्यांचं काम असलं की कुणीच बघत नाही. हप्ता अमुक महिन्यात येईलच असं धरून घरभाडं ठरवू नका.

एखादा सदस्य दोन बैठका आला नाही तर फोन करा. 'लिखाण झालं नाही म्हणून तोंड दाखवायला लाज वाटते' हेच कारण बहुधा निघतं. त्याला लिखाणाशिवाय यायची मुभा द्या, त्याची पाळी पुढे ढकला. त्याहून खोल काही वाटलं तर टेली-मानसची १४४१६ ही सरकारी मदतवाहिनी मोफत आहे. गटाने समुपदेशक व्हायचा प्रयत्न करू नये.

११. गट जुना झाला की दारं उघडा

वर्षभर टिकलात तर बाहेर बघा. ब्रिटिश एज्युकेशनल रिसर्च असोसिएशनने नव्या संशोधकांसाठी स्वतंत्र जाळं उभं केलेलं आहे आणि युरोपातली शिक्षण संशोधकांची संघटना आपल्या वार्षिक परिषदेच्या आधी केवळ नवोदितांची परिषद भरवते. आपल्याकडे कम्पॅरेटिव्ह एज्युकेशन सोसायटी ऑफ इंडियाच्या परिषदा होतात, आणि विज्ञान-गणित शिक्षणावर काम करणाऱ्यांसाठी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची 'एपिस्टीम' परिषद आहे. गोषवारा गटात घासून मग पाठवा. नाकारला गेला तर परीक्षकाचे शेरे गटात वाचा, ते फुकटचं शिक्षण असतं.

व्हायवा झालेल्या सदस्याने गट सोडण्याआधी सामाईक फोल्डरमध्ये आपली परवानगीपत्रं, संमतीपत्र, प्रश्नावलीचे टाकलेले मसुदे आणि व्हायवात विचारलेले प्रश्न ठेवून जावेत. प्रश्न मात्र त्याच संध्याकाळी लिहून घ्या. दुसऱ्या दिवशी सत्कार असतो, आणि त्यानंतर त्यातले निम्मे आठवत नाहीत.